नवा प्लेअर, जुन्या डिस्क

बिघडलेली वस्तू बदलताना फारसा विचार करावा लागत नाही. व्यवस्थित चालणारी वस्तू बदलायची म्हटली की मात्र मनाला शंभर प्रश्न पडतात. माझा डीव्हीडी प्लेअर आजही डिस्क घातल्याबरोबर मुकाट्याने चित्रपट दाखवतो, कपाटातल्या बहुतेक सगळ्या डिस्कवर अजून एक ओरखडाही नाही, आणि हे चित्रपट मी वर्षानुवर्षे याच रूपात पाहिले असल्यामुळे त्यांत काही उणे आहे असे मला एरवी जाणवतही नव्हते. अशा वेळी हाय-डेफिनिशन डिस्क चालवणारा, म्हणजे ब्लू-रे प्लेअर घ्यावा का, हा प्रश्न मी बराच काळ पुढे ढकलत आलो. तो आता सोडवायला घेतला, कारण एका दृश्यामुळे त्याचे स्वरूपच माझ्यासाठी बदलून गेले.

एका मित्राकडे एक जुना कृष्णधवल चित्रपट ब्लू-रेवर पाहत होतो. डीव्हीडीवर तो मी इतक्यांदा पाहिला होता की पुढचे संवाद आधीच ओठांवर यावेत. त्यात एक लांबवरून घेतलेले दृश्य आहे: पुढच्या बाजूला दोन माणसे घर विकण्याविषयी बोलत आहेत, आणि पार मागे, दाराच्या चौकटीत एक वृद्ध स्त्री उभी आहे. कॅमेरा तिच्या जवळ जात नाही, तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. डीव्हीडीवर चित्र आडव्या ओळींनी बनते, आणि अशा ओळी जास्तीत जास्त ५७६ असतात. त्यांपैकी जेमतेम वीस-बावीस ओळी त्या दूरच्या चेहऱ्याच्या वाट्याला येतात, आणि तेवढ्यात डोळे म्हणजे दोन काळपट ठिपके आणि तोंड म्हणजे एक पुसट रेघ, याहून अधिक काही मावत नाही. ब्लू-रेवर त्याच चेहऱ्याला चाळीसहून अधिक ओळी मिळाल्या होत्या. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, नजर त्या दोघांपैकी एकावरच खिळलेली होती, आणि व्यवहार ठरण्याच्या आधीच तिला सगळे कळून चुकले होते. इतकी वर्षे ती मला केवळ देखाव्याचा भाग वाटत आली होती. वास्तविक दृश्य तिचेच होते.

त्या दिवसापासून ‘चित्र अधिक सुस्पष्ट दिसते’ ही जाहिरातीतली भाषा मला अपुरी वाटते. सुस्पष्टता हा मुद्दा आहेच, पण ती कशासाठी हवी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या दिग्दर्शकाने पात्रांना चौकटीत पुढे-मागे, जवळ-दूर मांडले, प्रेक्षकाने दूरच्या चेहऱ्याकडे आपणहून पाहावे अशी ज्याची अपेक्षा होती, त्याच्या चित्रपटातून डीव्हीडी दिग्दर्शनाचाच एक भाग काढून घेते. याउलट जो चित्रपट मुख्यतः जवळून घेतलेल्या चेहऱ्यांवर आणि संवादांवर चालतो, त्याचे डीव्हीडीवर फारसे बिघडत नाही. पडदाभर पसरलेल्या चेहऱ्यावरचे दुःख ५७६ ओळींतही पुरेसे दिसते. माझ्या मते सगळा विचार या कसोटीपासून सुरू व्हायला हवा, आणि मग हा प्रश्न यंत्राइतकाच कपाटातल्या चित्रपटांचाही होतो.

तरीही डोळ्यांना हा फरक दिसणार की नाही, हे आधी मोजून घ्यावे लागते, आणि त्यासाठी यंत्राची गरज नाही, मोजपट्टी पुरते. निरोगी दृष्टीला साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. या हिशेबाने १०८० ओळींचे, म्हणजे ब्लू-रेचे, चित्र पूर्णपणे उपभोगायचे असेल, तर पडद्याच्या उंचीच्या साधारण सव्वातीनपट अंतरावर बसावे लागते. सहापट अंतरावर गेले की डोळा ५७६ ओळींपेक्षा फार काही टिपूच शकत नाही. ५५ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर असते, म्हणजे ब्लू-रेचा पूर्ण लाभ सव्वादोन मीटरच्या आसपास मिळतो आणि चार मीटरवरून पाहणाऱ्याला डीव्हीडी व ब्लू-रे यांतला बारकाव्याचा फरक जवळजवळ उरत नाही. ३२ इंची टीव्हीला तर ही मर्यादा अडीच मीटरच्या आतच येते. त्यामुळे लहान पडद्यासमोर दूर बसणाऱ्याने भारी प्लेअर घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आपण नेहमी जिथे बसतो तिथून टीव्हीपर्यंतचे अंतर मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि या विषयावरच्या निम्म्याअधिक वादांचा निकाल तिथेच लागतो. मी सुमारे अडीच मीटरवर बसतो, टीव्ही ५५ इंची आहे. माझ्यासाठी ब्लू-रेचा बहुतेक सगळा बारकावा डोळ्यांच्या आवाक्यात येतो.

अर्थात हल्लीचे प्लेअर आणि टीव्ही डीव्हीडीचे चित्र ताणून मोठे करतात, आणि ते काम आता पूर्वीपेक्षा खूपच चांगले होते. कडा कमी दातेरी दिसतात, हलत्या वस्तूंवर आडव्या रेघा उमटत नाहीत. पण यंत्र शेजारच्या पिक्सेलांवरून मधल्या पिक्सेलांचा अंदाज बांधते; त्या वृद्ध स्त्रीचे मिटलेले ओठ डिस्कवर नोंदलेलेच नसतील, तर कोणताही अंदाज ते परत आणू शकत नाही. ही दुधाची तहान ताकावर भागवणे आहे, आणि ज्या चित्रपटांना ताक पुरते त्यांच्यासाठी ते मी आनंदाने चालवून घेतो.

डिस्कचा आकार तोच, बारा सेंटिमीटर व्यासाचा, मग एवढी जास्त माहिती तिच्यावर मावते कशी, हे समजून घेताना मला फार समाधान वाटले. सगळी किमया प्रकाशाच्या रंगाची आहे. डीव्हीडी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या लेझरने वाचली जाते, ब्लू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या लेझरने. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा ठिपका बारीक करता येतो. त्याला अधिक ताकदीच्या भिंगाची जोड मिळाल्यामुळे डिस्कवर माहिती नोंदलेल्या शेजारशेजारच्या मार्गिकांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटरवरून ०.३२ मायक्रोमीटरवर आणता आले. परिणामी डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, तर ब्लू-रेच्या एका थरात २५. असा लेझर कित्येक वर्षे कोणालाही बनवता येत नव्हता. १९९० च्या दशकाच्या मध्यात निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड वापरून तो साध्य केला, आणि त्यानंतरच या डिस्कचा विचार प्रत्यक्षात येऊ शकला. घरातल्या कपाटात उभ्या असलेल्या डिस्कमागे पदार्थविज्ञानातला एवढा दीर्घ झगडा आहे, हे कळल्यापासून मी ती अधिक जपून हाताळतो.

जपून हाताळण्याला व्यावहारिक कारणही आहे. बारीक ठिपका मिळवण्यासाठी ब्लू-रेवर माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, केवळ ०.१ मिलिमीटर खाली ठेवलेला असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटर खोल असतो. म्हणूनच ब्लू-रेच्या पृष्ठभागाला कठीण लेप द्यावा लागला आणि ती डीव्हीडीपेक्षा ओरखड्यांना सहज दाद देत नाही. मात्र त्या लेपाला भेदून जाणारा खोल ओरखडा पडलाच, तर माहिती तिथून फार दूर नसते.

एका पिढीने हा निर्णय लांबणीवर टाकला, ते अगदी योग्य होते. २००६ मध्ये तोशिबाच्या पाठबळावरची एचडी डीव्हीडी आणि सोनी व इतर कंपन्यांची ब्लू-रे अशा दोन डिस्क काही आठवड्यांच्या अंतराने बाजारात आल्या. दोन्ही निळ्या लेझरवर चालणाऱ्या, दोन्ही १०८० ओळींच्या, आणि एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये निरुपयोगी. चित्रपटकंपन्याही दोन तंबूंत विभागल्या गेल्या होत्या. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपण फक्त ब्लू-रेच काढणार असे जाहीर केले आणि पारडे फिरले. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली. त्या दोन वर्षांत हात आखडता घेणारे लोक शहाणे ठरले. आज तसा धोका उरलेला नाही, पण थांबण्याचा फायदाही उरलेला नाही, कारण वारे उलट दिशेने वाहू लागले आहे. ऑप्पो या नावाजलेल्या प्लेअर-उत्पादकाने २०१८ मध्ये प्लेअर बनवणे सोडले, २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकी बाजारात नवे प्लेअर आणणार नसल्याचे सांगितले. पूर्वी थांबले की वस्तू स्वस्त आणि पक्की होत असे. आता थांबले तर निवडीलाच वाव राहत नाही. डिस्क जतन करणाऱ्या माणसासाठी हे माझ्या लेखी सर्वांत वजनदार कारण आहे, चित्राच्या गुणवत्तेपेक्षाही.

आता मूळ प्रतीचा प्रश्न. डिस्क कितीही उत्तम असो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झालेल्या कलाकृतीच्या निगेटिव्हमध्ये १०८० ओळींहून अधिक तपशील असतो, तो बाहेर काढता येतो. व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत तो मुळातच नसतो. अशी मालिका ब्लू-रेवर घेतली तर डिस्कची संख्या कमी होईल, चित्रात फार भर पडणार नाही. यांच्या मधोमध काही विलक्षण उदाहरणे आहेत. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचे संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओ टेपवर झाले होते. त्यामुळे २०१२ पासून ती ब्लू-रेवर आणताना मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून सगळे भाग नव्याने जुळवावे लागले आणि दृश्यपरिणाम पुन्हा रचावे लागले. केवळ जुनी टेप मोठी करून विकली असती, तर नव्या डिस्कला काही अर्थच उरला नसता.

सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची हकीकत तर मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करते. १९९३ मध्ये लंडनमधल्या एका फिल्म लॅबोरेटरीला लागलेल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळके, ठिसूळ झालेले ते अवशेष अमेरिकेतल्या, ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या ॲकॅडमीच्या संग्रहात जपून ठेवले गेले, आणि पुढे इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या ‘लिमाजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेत तंत्रज्ञांनी ती फिल्म पुन्हा लवचीक केली, वितळलेली चिकटपट्टी हाताने काढली, कडेची तुटलेली भोके दुरुस्त केली आणि जेवढा भाग वाचला तेवढा स्कॅन केला. उरलेला भाग इतर जुन्या प्रतींतून घेतला गेला. २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्या रूपात पडद्यावर आणि त्याच वर्षी ब्लू-रेवर आले. ज्या कामासाठी माणसांनी एवढे कष्ट उपसले, ते काम डीव्हीडीच्या ओळींत कोंबून पाहणे मला त्या कष्टांवर अन्याय केल्यासारखे वाटते.

मात्र ‘ब्लू-रे’ ही अक्षरे वेष्टनावर आहेत म्हणून विश्वास ठेवू नये. काही कंपन्यांनी डीव्हीडीसाठी पूर्वी केलेल्या प्रतीवरूनच ब्लू-रे काढल्या, काहींनी फिल्मचा नैसर्गिक दाणा हा दोष समजून संगणकाने इतका पुसला की त्याबरोबर त्वचेची रंध्रेही गेली आणि माणसे मेणाची दिसू लागली. फिल्मचा दाणा म्हणजेच चित्राचा पोत आहे. तो गेला की बारकावाही जातो. म्हणून डिस्क घेण्यापूर्वी ती कोणत्या स्कॅनवरून बनवली आहे, मूळ निगेटिव्हवरून की नंतरच्या प्रतीवरून, हे शोधून पाहावे. चांगल्या प्रकाशनसंस्था ही माहिती वेष्टनावर किंवा सोबतच्या पुस्तिकेत देतात.

ज्याविषयी फारसे बोलले जात नाही अशी एक गोष्ट माझ्यासाठी चित्राच्या ओळींइतकीच निर्णायक ठरली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ स्थिर चित्रे, या गतीने चित्रित होतो. डीव्हीडी टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी एकीनुसार बनते. त्यांतल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चौकटी असतात, त्यामुळे बहुतेक वेळा चित्रपट सरळ चार टक्के जलद चालवला जातो. दीडशे मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. ही सहा मिनिटे कोणतेही दृश्य कापून वाचलेली नसतात. प्रत्येक स्तब्धता, प्रत्येक पाऊल, प्रत्येक नजर थोडी थोडी आखूड झालेली असते. ध्वनीवर वेगळी प्रक्रिया केलेली नसेल तर आवाजही वर चढतो, पूर्ण अर्ध्या स्वराइतका नाही, पण गाण्याचा कान असलेल्याला खटकेल इतका नक्कीच. दुसऱ्या, एनटीएससी पद्धतीत गती योग्य राहते, पण चौकटी आळीपाळीने कमी-अधिक वेळ दाखवाव्या लागतात आणि कॅमेरा संथपणे फिरत असताना चित्र किंचित अडखळते. ब्लू-रेवर सेकंदाला २४ चौकटी जशाच्या तशा नोंदता येतात. एका ओळखीच्या गाण्याची पट्टी ब्लू-रेवर ऐकताना उतरलेली वाटली, आणि मग लक्षात आले की मूळ पट्टी हीच आहे. इतके दिवस मी ते गाणे चढ्या स्वरात ऐकत होतो. गायिकेच्या आवाजातले वजन त्या एवढ्याशा फरकाने परत आले होते.

आंतरजालावरून सगळे काही पाहता येत असताना डिस्क कशाला, हा प्रश्न रास्त आहे. सोय तिकडे आहे यात शंका नाही. पण १०८० ओळींच्या चित्रासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला ५ मेगाबिटची जोडणी पुरेशी मानते, आणि ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. धुके, पाऊस, मंद प्रकाशातल्या भिंती, म्हणजे जिथे सगळी चौकट बारीकपणे हलत असते, तिथे हा फरक ठळक होतो. ओळींची संख्या तीच असूनही चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात. शिवाय करार संपला की चित्रपट यादीतून नाहीसा होतो. एकदा पाहून सोडून द्यायच्या चित्रपटांसाठी मी आंतरजालावरच पाहीन; पुन्हा पुन्हा ज्यांच्याकडे जायचे ते हाताशी हवेत.

मग साधा ब्लू-रे प्लेअर घ्यावा, की २०१६ पासून मिळणाऱ्या अल्ट्रा एचडी म्हणजे २१६० ओळींच्या डिस्क चालवणारा? केवळ ओळींचा हिशेब केला, तर माझ्या अंतरावरून त्या अधिकच्या ओळी मला जवळजवळ दिसणारच नाहीत. ५५ इंची पडद्यावर त्यांचा पूर्ण लाभ घ्यायला एक-सव्वा मीटरवर बसावे लागेल. पण या डिस्कवर उजेड-अंधाराची आणि रंगांची नोंद अधिक खोलवर होते, आणि खिडकीतून येणारे ऊन किंवा मेणबत्तीच्या ज्योतीचा पिवळेपणा यांतला फरक कितीही दुरून कळतो, अर्थात टीव्ही त्या ताकदीचा असेल तर. शिवाय हा प्लेअर अल्ट्रा एचडी, ब्लू-रे आणि डीव्हीडी या तिन्ही डिस्क चालवतो. उत्पादक कमी होत असताना एकदाच घ्यायचे, तर सर्वांना सामावून घेणारे यंत्र घ्यावे, असे माझे मत झाले. ज्यांच्याकडे डिस्कचा कप्पा असलेले प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स आहे, त्यांच्या घरात असा प्लेअर आधीच आहे. प्लेस्टेशन ४ मात्र साध्या ब्लू-रेपुरतेच मर्यादित आहे.

गैरसोयीही आहेत. काही ब्लू-रे डिस्क सुरू व्हायला बराच वेळ घेतात. त्यांच्यावरच्या नक्कल-प्रतिबंधक कुलपांच्या किल्ल्या वेळोवेळी बदलत असल्यामुळे प्लेअरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे लागते, नाहीतर नवी डिस्क चालेलच याची खात्री नसते. पैसे देऊन डिस्क घेणाऱ्या माणसावर दाखवलेला हा अविश्वास मला मनापासून खुपतो. प्रदेशाचे बंधनही तसेच: ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केले आहेत, आणि परदेशातून मागवलेली डिस्क आपल्या प्लेअरमध्ये चालेल की नाही हे आधी पाहावे लागते. अल्ट्रा एचडी डिस्कवर हे बंधन ठेवलेले नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर प्लेअर हा लहान भाग आहे. डोळे मिटून सगळा संग्रह पुन्हा विकत घेण्याचा मोह हा खरा मोठा खर्च. तो मी करणार नाही. प्लेअर घ्यायचा निश्चय झाला आहे. कपाटातल्या डिस्क एकेक बाहेर काढून मी त्यांची विभागणी करतो आहे. दूरच्या चेहऱ्यांचे, खोल चौकटींचे, निसर्गात घडणारे, आणि ज्यांच्या निगेटिव्हवरून नवे स्कॅन झाले आहेत असे चित्रपट एका बाजूला ठेवतो. तेवढेच नव्याने घ्यायचे, तेही सवडीने. ज्यांत गाणी आहेत आणि माझ्याकडची प्रत पाल पद्धतीची आहे, ते दुसऱ्या क्रमांकावर. संवादप्रधान नाटकी चित्रपट, व्हिडिओवर चित्रित झालेल्या मालिका, आणि ब्लू-रेवर ज्यांची केवळ मेणाळलेली आवृत्ती निघाली आहे ते, यांच्या डीव्हीडी आहेत तिथेच राहतील आणि नव्या प्लेअरवर ताणून दाखवल्या जातील. जुना प्लेअरही मी काढून टाकणार नाही, कारण त्याला डीव्हीडीच्या प्रदेशाचे बंधन नाही आणि नव्या यंत्राला ते असणार आहे. पहिली नवी डिस्क कोणती घ्यायची, हे मात्र केव्हाच ठरले आहे: ती दारातल्या स्त्रीची.